उद्योगाला आम्ही उशिरा आलेलो नाही

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांबद्दल एक मत इतकं रुळलंय की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. उद्योजकांचा मेळावा असो, कॉलेजातलं करिअर मार्गदर्शन असो, नाहीतर वर्तमानपत्राची विकास पुरवणी असो, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जाते. माणूस आधी हाताने वस्तू घडवायचा, मग वाफेचं इंजिन आलं, मग वीज, मग संगणक आणि आता रोबो. जग एकेक पायरी चढत गेलं. ठाण्याचा हा ग्रामीण भाग मात्र जंगलात आणि भातशेतीत पडून राहिला. सरकारने एमआयडीसी आणली, बाहेरच्यांनी भांडवल घातलं, तेव्हा कुठे इथे चूल नीट पेटली. आता समृद्धी महामार्ग झालाय, म्हणजे उरलेलं कामही होईल. अडचण एकच आहे म्हणे: इथली मुलं कामाला टिकत नाहीत. लावणी आली की गायब, जत्रा आली की गायब. म्हणून माणसं बाहेरून आणावी लागतात.

हे मत मी अनेकदा ऐकलंय, आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जातं ते समोर बसलेले असताना ऐकलंय. ते मान खाली घालून ऐकून घेतात, कारण माइक दुसऱ्याच्या हातात असतो. या मताचा एकही भाग खरा नाही. आणि याच मताच्या आधारावर जमिनी, पाणी आणि नोकऱ्यांचे निर्णय होतात, म्हणून ते खोडून काढणं भाग आहे.

पहिला मुद्दा ‘पडून राहिला’ याचा. एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या कातकरी आदिवासीचं काम डोळ्यांसमोर आणा. खैराचं झाड पाडायचं, साल आणि वरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतल्या लाल गाभ्याचे बारीक तुकडे करायचे. ते मडक्यांत घालून तासन्‌तास उकळायचे, पाणी गाळायचं, पुन्हा आटवायचं. दाटसर झालं की ते थंड व्हायला ठेवायचं आणि घट्ट झालेल्या काताच्या वड्या पाडायच्या. किती आटवलं म्हणजे कात बसेल आणि किती आटवलं म्हणजे करपेल, हे डोळ्याला आणि नाकाला कळावं लागतं. कच्च्या मालातून द्रव्य काढणं, ते शुद्ध करणं, टिकाऊ स्वरूपात बाजारात पाठवणं, याला आज प्रक्रिया उद्योग म्हणतात आणि त्याच्या पदव्या देतात. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांच्या या धंद्याची नोंद आहे. मग तो गेला कुठे? लोकांना कंटाळा आला म्हणून तो बुडाला का? १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं, खैराला हात लावणं गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतका असंतोष उसळला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. ज्याच्या हातात कसब होतं त्याच्याकडून कच्चा माल काढून घेतला, आणि त्याच्याच वंशजांना आता ‘उद्योगाची सवय नाही’ म्हणून सांगतात.

कात गेला, पण इथला माल आणि इथले हात उद्योगाला पुरतच राहिले. मुंबईला पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. रेल्वे १८५५ मध्ये वाशिंदला पोचली, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला. त्या गाडीने इथून लाकूड, लाकडी कोळसा, भात आणि गवत गेलं. कोळशाच्या भट्ट्या जंगलात कुणी लावल्या? ठेकेदाराच्या हाताखाली कातकऱ्यांनीच. गिरण्यांचं शहर वाढलं, त्याला पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा १८९२ मध्ये तानसा धरण पुरं झालं. पुढे मोडकसागर, पुढे भातसा. आज मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या अंगणातलं बारवी धरण तर थेट एमआयडीसीनेच बांधलं. त्याचं पाणी अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना जातं. त्याची उंची वाढवताना तोंडली, काचकोली, कोळे-वडखळ अशी गावं पाण्याखाली गेली.

हे सगळं एकत्र ठेवा आणि सांगा: ज्या भागाने गिरण्यांच्या शहराला जळण दिलं, पाणी दिलं, रासायनिक कारखान्यांसाठी आपली गावं बुडवली, तो भाग उद्योगाच्या इतिहासात उशिरा आला, असं कुठल्या तोंडाने म्हणता? तो पहिल्या दिवसापासून त्यात आहे, फक्त त्याचं नाव हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला कुणी लिहिलं नाही. या डोंगरातल्या माणसांना मात्र हे नातं चांगलं कळलेलं होतं. १९४२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, कारण मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालतात ती याच डोंगराळ मुलखातून जाते हे त्यांनी ओळखलं होतं. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील गोळीला बळी पडले.

दुसरा मुद्दा पायऱ्यांचा. हात, वाफ, वीज, संगणक, रोबो ही पायऱ्यांची मांडणी पाठ्यपुस्तकात सोपी वाटते. शहापूर तालुक्यात ती एका दिवसात कोसळते. वाशिंदला जिंदाल समूहाने १९८२ मध्ये पोलादाचा कारखाना उभारला, तो आज जेएसडब्ल्यूच्या नावाने चालतो. तिथे पोलादी पत्र्याची पट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या वितळत्या जस्तातून वेगाने जाते, वर हवेचा झोत जस्ताचा थर हवा तेवढा पातळ करतो, मग त्यावर रंगाचा लेप बसतो. सगळं मोजमाप यंत्रावर. मुरबाडलाही अशी कामं होतात. पोलादी पिंपांची झाकणं मुरबाड तालुक्यात धानिवलीला बनतात आणि देशोदेशी जातात.

आता तिथून थोडं आडवाटेला वळा आणि वीटभट्टीवर जा. पण दिवसा जाऊ नका, पहाटे जा. रात्री दोन-अडीचला जोडपं उठतं. आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवलेली माती नवरा पायाने तुडवून मळतो. बाई गोळा उचलून साच्यात आपटते, वरची जास्तीची माती हाताने निपटते, साचा पालथा करते, विटा जमिनीवर सोडते आणि पुन्हा गोळा उचलते. कंबर सरळ करायची सवड नाही. उजाडेपर्यंत ओळीच्या ओळी लागतात. ऊन वर आलं की सात-आठ वर्षांचं पोर अर्धवट वाळलेल्या विटा कडेवर उभ्या करत फिरतं, कारण एका बाजूने वाळली तर वीट वाकते. मजुरी हजार विटांमागे, जोडप्याला मिळून एक, आणि वहीत नाव नवऱ्याचं. बाईच्या कामाचा वेगळा आकडा कुठेच नाही. पावसाळ्याच्या शेवटी घरात दाणा नसतो तेव्हा घेतलेली उचल असते, आठवड्याला खर्ची मिळते, आणि जूनच्या तोंडावर हिशेब होतो. उचल फिटली नसेल तर पुढच्या साली त्याच मालकाकडे. वेठबिगारी संपवणारा कायदा देशात १९७६ मध्येच झालाय.

ही भट्टी कुठल्या पायरीवरची? लोक म्हणतील, जुन्या काळातली, हळूहळू जाईल. मुळीच नाही. ती जुन्या काळातून उरलेली नाही, आजच्या शहराने उभी केलेली आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर इथे इमारती उठल्या म्हणून भट्ट्या फोफावल्या. माती दाबून विटा पाडणारी यंत्रं युरोपात एकोणिसाव्या शतकातच आली होती. विटा सलग भाजणाऱ्या भट्टीचं पेटंट हॉफमन यांनी जर्मनीत १८५८ मध्ये घेतलं. मग आपल्याकडे अजून हाताने का थापतात? यंत्राच्या किमतीपेक्षा उचल स्वस्त पडते म्हणून. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त मिळत असेल तोवर यंत्र कुणी आणत नाही. कारखानदारीचा इतिहास शोधांनी जितका घडवला, तितकाच मजुरीच्या दराने घडवलाय, आणि ही गोष्ट त्या पायऱ्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आणि पायऱ्या उलट्याही उतरल्या जातात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. कापड काही बंद झालं नाही, ते आणखी मोठ्या प्रमाणावर शेजारच्या भिवंडीत यंत्रमागावर गेलं. मोठ्या, संघटित, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी देणाऱ्या गिरणीतून ते पत्र्याच्या शेडमधल्या जुन्या मागावर, बारा-बारा तासांच्या पाळीत आलं. हे पुढे टाकलेलं पाऊल होतं का? त्याच १९८२ साली वाशिंदला नवा पोलाद कारखाना उभा राहत होता. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात कारखानदारी एका ठिकाणी पुढे जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी मागे. ज्याला फक्त पुढे जाणारी दिसते, त्याने अर्धाच जिल्हा पाहिलाय.

तिसरं म्हणणं रस्त्याचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या बांधकामात सरलांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर उभारण्याचं यंत्र कोसळून २० माणसं गेली. त्यांची आठवण उद्घाटनाच्या गर्दीत हरवू नये. रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोणाला चांगला मोबदला मिळाला असेल तर मला आनंदच आहे. पण रस्ता आला की उद्योग आपोआप येतो आणि त्याचा लाभ शेजारच्या पाड्याला मिळतो, हा विश्वास कशाच्या जोरावर? वाशिंदला रेल्वे १८५५ मध्ये आली आणि मोठा पोलाद कारखाना १९८२ मध्ये. मधली १२७ वर्षं देशातल्या सगळ्यात जुन्या मार्गांपैकी एकावरची रेल्वे दारात होती. त्या काळात तिने इथून माल नेला, इथे माल घडवला नाही. उलट मुरबाडला आजही रेल्वे नाही, कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलीय, तरी तिथे औद्योगिक वसाहत झाली. का झाली? कारण सरकारने ठरवलं. राज्याने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन केलं, १९६४ मध्ये मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती द्यायला सुरुवात केली. जमीन, पाणी, करसवलत यांचे निर्णय झाले म्हणून कारखाने आले. उद्योग निर्णयाने येतात. आणि निर्णय घेणाऱ्यांना प्रश्न विचारता येतात. रस्त्याला विचारता येत नाहीत, म्हणून तर सगळं श्रेय रस्त्याला देणं सोयीचं पडतं.

आता ते सगळ्यात जास्त चीड आणणारं म्हणणं. इथली मुलं कामाला टिकत नाहीत.

पहाटे आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवर जाऊन पाहा. अंधारात डबे घेऊन उभी असलेली मुलं-मुली कोण आहेत? ठाण्याला, घाटकोपरला, दादरला सुरक्षारक्षक, विक्रेते, मदतनीस, शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून रोज येऊन-जाऊन चार-पाच तास प्रवास करणारी हीच ती ‘न टिकणारी’ मुलं. रात्री दोनला उठून विटा थापणारं जोडपं आळशी आहे का? भाताची लावणी कधी केलीय तुम्ही? चिखलात वाकून, डोक्यावर इरलं घेऊन, दिवसभर? जो माणूस हे करतो तो तुमच्या पाळीला घाबरेल?

मग तो कारखाना का सोडतो? कारण तिथे त्याला कंपनी कामावर घेतच नाही, ठेकेदार घेतो. यंत्र कंपनीचं, माल कंपनीचा, पाळी कंपनीची, माणूस मात्र ठेकेदाराचा. सलग २४० दिवस भरत आले की ब्रेक दिला जातो, म्हणजे कायम होण्याचा हक्क सांगायला जागा उरू नये. महिना-दोन महिन्यांनी तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच यंत्रावर उभा असतो. माझ्या ओळखीच्या घरांत अशी सात-आठ वर्षं काढलेली मुलं आहेत, आणि त्यांच्या हातात अनुभवाचा एक साधा दाखला नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० मध्ये झाला. बारमाही चालणाऱ्या कामातून कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला होता. तो किती ठिकाणी वापरला गेला?

अशा मुलाने लावणीच्या वेळी घरी जाऊ नये, ही अपेक्षा कशी करता? त्याची एक-दोन एकरांची भातशेती हीच त्याच्या घराची खरी हमी आहे. वर्षभराचा तांदूळ तिथून येतो. नोकरी उद्या जाईल हे त्याला माहीत आहे, कारण ती आधीही गेलीय. तो लावणीला जातो ते चुकीचं नाही, तो हिशेबाने वागतो. आणि जत्रेबद्दल म्हणाल, तर पौष पौर्णिमेला भरणारी म्हसाची यात्रा ही देवाची जत्रा तर आहेच, शिवाय मोठा बैलबाजार आहे. बैल, घोंगडी, शेतीची अवजारं तिथे घेतली जातात. शेतकऱ्याचा पोरगा तिथे नुसता हौसेने जात नाही. त्याला कायम करा, पगारी रजा द्या, आजारपणाची सोय द्या, आणि मग पाहा तो टिकतो की नाही. वाशिंद-मुरबाडकडच्या ज्या घरांत कायम नोकरी मिळाली तिथे माणसं निवृत्त होईपर्यंत टिकली, त्यांची मुलं कल्याणला शिकली. एवढं श्रेय मी कारखान्यांना देतो, आणि तेच माझ्या बाजूचा पुरावा आहे. माणूस तोच, गाव तेच. फरक फक्त नेमणुकीच्या कागदात.

‘पण स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांचं धोरण आहे ना?’ आहे. त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. त्या व्याख्येत तालुका नाही, गाव नाही, पाडा नाही. ज्याची जमीन गेली, ज्याचं पाणी गेलं, त्याला वेगळी जागा नाही. कागदावर टक्केवारी पुरी होते आणि कुंपणाला लागून असलेल्या वाडीतला एकही मुलगा आत नसतो. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे आयटीआय आहेत. तिथून बाहेर पडणारा फिटर किंवा वेल्डर शेजारच्या कारखान्यात कायम होतो की ठेकेदाराच्या रांगेत उभा राहतो, याची यादी कुणी गावासमोर ठेवलीय का?

आणि संधी मिळाली तर इथला माणूस काय करतो, हेही समोर आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून, तिची पावडर करून विकायला सुरुवात केली. वनधन केंद्राची मदत झाली, आणि करोनाच्या काळात मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना मागणी आली. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या हातून खैर काढून घेतला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी जंगलातल्या वेलीवर पुन्हा प्रक्रिया उद्योग उभा केला. त्यांना कुणी शिस्त शिकवायला आलं नव्हतं. त्यांना कच्च्या मालावर हक्क, थोडं भांडवल आणि बाजार मिळाला, एवढंच. तरी अजून वेलीचा मोठा भाग कच्चाच बाहेर जातो आणि औषध दुसरीकडे बनतं. काढा, गोळी, अर्क बनवणारं युनिट शहापुरात का असू नये? नाचणी, मोह, हिरडा, बांबू यांच्यावरचं काम इथेच का होऊ नये? मोठा कारखाना आला की त्याच्या सवलतींची यादी पानभर असते, गुळवेलीच्या गटाला मात्र गोदामासाठी खेटे घालावे लागतात. मागासलेपण इथे आहे, धोरणात.

राहिला पाण्याचा प्रश्न. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरणाच्या भिंतीपासून काही मैलांवर बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. भावली धरणातून पाणी आणण्याच्या योजनेची वाट लोक पाहत आले. जो तालुका सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उद्योगाच्या राजधानीला पाणी देतोय, त्याला स्वतःच्या पाण्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि तरीही त्याला सांगायचं की उद्योगाने तुमच्यावर उपकार केले?

शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधलीही बरीच गावं आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. समृद्धीच्या दोन्ही बाजूंना आता जमिनी मागायला लोक येतील, काही सरकारी, काही खाजगी. येऊ द्या. मात्र त्यांच्यासमोर ग्रामसभेने चार प्रश्न ठेवावेत: कायम नोकऱ्या किती, त्यातल्या या गावच्या आणि पाड्यांच्या किती, ठेकेदारामार्फत किती, आणि पाणी कुठून घेणार. ही उत्तरं लेखी, सही-शिक्क्यानिशी हातात पडेपर्यंत ठरावावर ना सही करा, ना अंगठा.